आमचे साडू साहेबाच्या घरी चहाला जातात

आमच्या साडूंना बसलेलं पाहिलेला माणूस या अख्ख्या सिंगापुरात शोधून सापडणार नाही. उभे असलेले, चालत असलेले, एका पायावर भार टाकून दुसरा पाय निघायच्या तयारीत ठेवलेले साडू सगळ्यांनी पाहिले आहेत. बसलेले साडू ही निव्वळ ऐकीव गोष्ट आहे आणि ती सांगणारा बहुधा थापा मारत असतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नात्याने आम्ही दोघंही एकमेकांचे साडूच, त्यामुळे मी त्यांना साडू म्हणतो, तेही मला साडू म्हणतात, आणि इतक्या वर्षांत दोघांपैकी कोणालाही याहून बरं काही सुचलेलं नाही. त्यांची उमेदीची सगळी वर्षं बोटींवर गेली. चीफ इंजिनिअर होते. आता एका शिपिंग कंपनीच्या किनाऱ्यावरच्या कचेरीत आहेत आणि बंदरात आलेल्या बोटी तपासतात. इंजिनरूममध्ये दर थोड्या वेळाने फेरी मारून प्रत्येक पंपाची विचारपूस करावी लागते म्हणे. साडूंनी ती फेरी जमिनीवर आल्यावरही थांबवली नाही, एवढंच. आमच्याकडे जेवायला आले की ताट हातात घेऊन आमटीभाताच्या घासागणिक ते एकेका खोलीत जाऊन येतात. फ्रिजच्या मागे कान लावतात, एसीच्या पाण्याचा पाइप चेपून बघतात. एकदा वॉशिंग मशीन चालू असताना त्यांनी त्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि "बेअरिंग जातंय" हे अशा स्वरात सांगितलं, की माझ्या बायकोने नकळत टीव्हीचा आवाज कमी केला.

मी स्वतः खुर्चीतला माणूस. तांजोंग पगारच्या एका इमारतीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि घरी येऊन सोफ्यावर बसायचं, यापलीकडे मला फारशा महत्त्वाकांक्षा नाहीत. त्यामुळे साडूंबरोबर कुठे जायचं म्हटलं की मी आधी सबब शोधतो. एमआरटीमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, ते शेवटच्या डब्यात चढतात आणि गाडी चालू असताना आतून चालत चालत पहिल्या डब्यापर्यंत जातात. गाडी त्यांना नेतेच आहे, पण तिच्या एकटीवर विसंबून राहणं त्यांना जमत नाही. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉलच्या बाजारात, टिश्यूचं पाकीट टेबलावर ठेवून जागा धरायची इथली रीत आहे. साडू मोठ्या चोखंदळपणे पंख्याखालची जागा धरतात आणि मग त्या टेबलाकडे फिरकत नाहीत. या स्टॉलवरून त्या स्टॉलवर, कढईत डोकावत, शेगडीच्या ज्योतीचा रंग बघत हिंडत राहतात आणि त्यांच्या खुर्चीवर आमची छत्री बसते. त्यांच्या लग्नाच्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोत ताई स्पष्ट आहेत आणि त्यांच्या शेजारी काहीतरी पांढरं सरकताना दिसतं. सप्तपदी संपल्यावरही हे थांबेनात, तेव्हा भटजींनी उपरण्याचं टोक धरून त्यांना मागे ओढलं, असं ताई सांगतात. ताई म्हणजे माझी मेव्हणी. त्यांनी पुढे कधी उपरणं धरलं नाही; धरून उपयोग नाही हे त्यांना त्याच दिवशी कळलं असावं.

या माणसाला एकच मुलगी, सई. माझी भाची. इथेच वाढली, इथल्या शाळेत शिकली, त्यामुळे आपण मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं हा आमच्या दोन्ही घरांतला करारच होता. साडूंनी तिला हौसेने इंजिनिअर केली. रॅफल्स प्लेसला एका बँकेत ती नोकरीला लागली तेव्हा साडू दुपारच्या सुट्टीत उगाच त्या इमारतीखालून चक्कर मारून येत. आणि एक दिवस सईने ती नोकरी सोडली. कॉलेजपासून तिला नाटकाचं वेड होतंच. शहरातल्या एका टेकडीवर, झाडीत दडलेल्या जुन्या बंगल्यात एक नव्या तऱ्हेचं संग्रहालय उघडलं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं इथल्या एका इंग्रज साहेबाचं घर तिथे जसंच्या तसं चालवायचं, अशी ती कल्पना. वस्तू काचेच्या कपाटात नाहीत, आणि माणसं मेणाची नाहीत. खरा खानसामा खऱ्या चुलीवर रांधतो, धोबी कोळशाच्या इस्त्रीने कपडे कडक करतो, मडमसाहेब पियानो वाजवते. या घरात सईला काम मिळालं ते साहेबाच्या बाळाला सांभाळणाऱ्या आयाचं.

ही बातमी तिने जेवणाच्या टेबलावर सांगितली. साडू अर्थातच टेबलावर नव्हते, टेबलाभोवती होते. फेरी न थांबवता ते म्हणाले, "मी मुलीला इंजिनिअर केलं आणि ती जाऊन इंग्रजाच्या घरची आया झाली." हे वाक्य त्यांनी त्या संध्याकाळी प्रत्येक फेरीला एकदा या हिशोबाने म्हटलं. सई बराच वेळ मान खाली घालून ऐकत होती. शेवटी उठली आणि म्हणाली, "बाबा, यू डोन्ट इव्हन सिट डाऊन टू स्कोल्ड मी." बॅग भरली आणि मैत्रिणींच्या फ्लॅटवर राहायला गेली. त्यानंतर बापलेकीचं बोलणं बंद झालं. ताई दर रविवारी तिला जाऊन भेटत. साडूंनी फोन केला तर तो वाजत राही, आणि मग "बिझी" एवढा एक शब्द लिहून येई. साडूंच्या पायाला आधीच भिंगरी, तिला आता कोणी वंगण घातल्यासारखं झालं. रात्रीचं जेवण झालं की ते बिल्डिंगचे जिने चढू-उतरू लागले. बोटीवर तपासणीला गेले तर तिथल्या खलाशांना वाटे, साहेबांना कसला तरी बिघाड दिसलाय पण सांगत नाहीत. माझ्याकडे येत आणि माझ्या सोफ्याभोवती फिरत. सोफ्यावर मी असे. हळूहळू माझीही बसण्याची गोडी गेली, हे मी त्यांना कधी माफ करणार नाही.

मग एक दिवस ते आले तेच डोळ्यांत वेगळी चमक घेऊन. त्या संग्रहालयाचा नियम त्यांना समजला होता. तिथे काम करणारी माणसं कामाच्या वेळात आपला काळ सोडत नाहीत. काहीही विचारा, राणीच्या जमान्यातलंच उत्तर मिळणार, आणि मिळणार मात्र नक्की, कारण पाहुण्याला उत्तर न देणं त्या घराच्या रीतीत बसत नाही. साध्या कपड्यांत येणाऱ्यांना दोरीच्या अलीकडून बघावं लागतं. पण जे कोणी त्या काळाला शोभेल असा वेष करून येतील ते साहेबाचे पाहुणे. त्यांना दिवाणखान्यात चहा, आणि घरातली सगळी माणसं त्यांच्याशी येऊन बोलणार. "म्हणजे बघा साडू," ते माझ्या टीपॉयला वळसा घालत म्हणाले, "तिला माझ्याशी बोलावंच लागेल." हे सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की मुलीला असं नियमाच्या कचाट्यात पकडणं बरं दिसेल का, हे माझ्या ओठांवर आलेलं मी गिळून टाकलं. वर, बरोबर मीही यायचं असं ठरून गेलं. का, ते मला विचारू नका. साडूंच्या बेतात आपण कधी सामील होतो ते कळत नाही; ते चालत असतात आणि आपण बरोबर असतो.

त्यांनी वेषाचं काम बोट गोदीत दुरुस्तीला घेतल्यासारखं अंगावर घेतलं. आधी भाड्याचा शेपटीवाला कोट आणि उंच हॅट आणली. ताईंनी बघितलं आणि वरातीतल्या बँडवाल्यासारखे दिसता म्हणून सांगितलं. ते त्यांना पटलं. मग त्यांनी ठरवलं, की आपण मराठी माणसं, आपला वेष आपण का सोडायचा. त्या काळचा आपल्याकडचा प्रतिष्ठित गृहस्थ जसा बाहेर पडे तसंच जायचं. मी मुद्दाम चार पुस्तकं चाळून त्यांच्या नजरेला आणून दिलं, की राणीच्या काळात आपल्याकडची माणसं इथे आली ती बहुतेक बेड्या घालूनच. मुंबई इलाख्यातले कैदी इथे आणून त्यांच्याकडून रस्ते करून घेत. साडूंनी एक फेरी पुरी केली. "मग मी शिक्षा भोगून सुटलो आणि पगडी घेतली असं म्हणा," असं म्हणून ते पगडीच्या मागे लागले. इथल्या गणेशोत्सवातल्या नाटकांची एक ट्रंक कोणाकोणाच्या घरी फिरत असते, तिच्यात लाल पगडी सापडली. ती लहान डोक्याच्या नटाची होती आणि साडूंच्या डोक्यावर बसायला तयार नव्हती. लांब काळा कोट त्यांनी लिटल इंडियातल्या शिंप्याकडून शिवून घेतला. प्रश्न आला धोतराचा. आम्हा दोघांनाही ते नेसता येत नव्हतं. मी व्हिडिओ लावून ते कसंबसं नेसवलं, पण धोतर हे मुळात एका जागी थांबणाऱ्या माणसाचं वस्त्र आहे. हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत जाईतो कासोटा सुटायचा. शेवटी साडूंनी बोटीवरच्या वायरी बांधायचे प्लास्टिकचे पट्टे आणले आणि कोटाच्या आत, कोणाला दिसणार नाही अशा जागी, ते धोतर असं जखडून टाकलं की वादळातही हललं नसतं. मला त्यांनी कारकून केलं. काळी टोपी, जुना कोट आणि काखेत छत्री. बायको म्हणाली, तुम्हाला फारसा बदल करावाच लागला नाही.

निघताना ताईंनी बेसनाचे लाडू स्टीलच्या डब्यात भरून दिले. मुलीकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं, मग ती कुठेही असो आणि बोलत असो वा नसो. स्टीलचे डबे त्या काळात नव्हते म्हणून साडूंनी तिथेच दारात सगळे लाडू देवघरातल्या पितळी डब्यात काढले. ताई स्वतः यायला तयार नव्हत्या. त्या म्हणाल्या, मी गेले तर ती माझ्याशीच बोलेल. पगडी, लांब कोट आणि धोतर अशा थाटात साडू एमआरटीत चढले तेव्हा मला वाटलं, आता सगळा डबा आमच्याकडे बघणार. पण या शहरात कोणी कोणाकडे बघत नाही. फक्त एका म्हाताऱ्या चिनी बाईने पगडीचा मान राखून जागा देऊ केली आणि "अंकल, सिट लाह" म्हणाली; 'लाह' म्हणजे इथल्या इंग्रजीतलं आपलं 'ना'. साडूंनी तिला वाकून नमस्कार केला आणि पहिल्या डब्याच्या दिशेने कूच केलं. लटकत्या कड्यांतून पगडी वाचवत जाणारे ते, आणि मागे छत्री सांभाळत मी. साडू वाटेत मला सारखे विचारत होते, की ती आधी काय म्हणेल. मी म्हटलं, मला काय ठाऊक. दोन डबे पुढे गेल्यावर पुन्हा तोच प्रश्न.

संग्रहालयाच्या फाटकावर बॉनेट घातलेली एक बाई होती. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत, असं तिने राणीच्या काळातल्या गोड इंग्रजीत सांगितलं. साडू म्हणाले, आमच्या देशात कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जाणं हा घराचा अपमान असतो. ती बिचारी नियमात अडकली. तिच्या काळातल्या बाईला पाहुण्याची भेट नाकारता येईना, आणि आमच्या काळातल्या बाईला डबा आत सोडता येईना. शेवटी साहेबाच्या घरासाठी नजराणा म्हणून तिने तो स्वीकारला आणि स्वयंपाकघरात पाठवला. पुढे दिवाणखान्याच्या दाराशी आणखी एक घोटाळा झाला. दार दिसलं आणि आतली सतरंजी दिसली, तशा साडूंनी चपला काढल्या. मीही काढल्या. मागून झालरीच्या फ्रॉकमधल्या मुलीला घेऊन एक चिनी कुटुंब येत होतं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि काहीही न विचारता आपले बूट काढून शेजारी लावले. पाहता पाहता व्हिक्टोरिया राणीच्या साहेबाच्या दाराशी, आमच्या फ्लॅटबाहेर असते तशी चपलाबुटांची रांग लागली. मडमसाहेब पियानोवरून उठून आली आणि त्या रांगेकडे बघत राहिली. इंग्रजांच्या घरात बूट घालूनच यायचं असतं, हे तिला सांगायचं होतं. पण पाहुण्यांना त्यांची चूक दाखवायची तर तेही शिष्टाचारात बसेना. तिने सुस्कारा सोडून आम्हाला बसायची विनंती केली.

सगळे बसले. साडू छताच्या पंख्याची दोरी कशी फिरवलीय ते बघत उभे होते. मडमने पुन्हा विनंती केली. साडू "येस मॅडम" म्हणाले आणि घड्याळाच्या मागे डोकावायला गेले. तेवढ्यात आतून लाडवांची चांदीची तबकडी घेऊन आया आली. पांढरं लुगडं, पांढरं पोलकं, अंबाडा, कपाळाला कुंकू. मी ओळखायच्या आधीच साडूंनी ओळखलं. तिनेही हातातले लाडू ओळखले असणारच, कारण ती आत आली तीच दाराशी थबकून खोलीत कोणाला तरी शोधत. तिची नजर पगडीवर गेली, पगडीखाली गेली आणि तिथेच राहिली. आणि आमचे साडू मागे न बघता, हाताने खुर्ची चाचपत, खाली बसले. मी त्यांना बसलेलं पाहिलं, हे मी शपथेवर सांगतो.

आता ती आत निघून जाईल अशी मला धास्ती होती. साडूंना तीच असणार. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. पण मडमला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. हे गृहस्थ तुझ्याच मुलखातले दिसतात, त्यांच्याशी तुमच्या भाषेत दोन शब्द बोल, असं तिने आयाला सांगितलं. सईने तबकडी माझ्यापुढे धरली, तिथून त्यांच्यापुढे नेली, आणि त्यांच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसली. जन्मात मराठीत दोन सरळ वाक्यं न बोललेली आमची भाची म्हणाली, "नमस्कार रावसाहेब. आपण कुठल्या गावचे?"

साडूंनी पगडी सावरली. गुहागरचे, म्हणाले. घरी कोण कोण, तिने विचारलं. बायको आहे, एक मुलगी आहे. मुलगी काय करते, यावर ते म्हणाले, "मोठ्या घरी कामाला आहे. चांगलं करते म्हणतात. मी आजच पाहिलं." सईने मान खाली घातली. मग साडूंनी विचारलं, "बाई, तुमचे वडील कुठे असतात?"

"बोटीवर असतात," ती म्हणाली. एकेक शब्द जपून ठेवत होती, पण अडखळत नव्हती. "घरी आले की बसत नाहीत, फेऱ्या मारतात. लहानपणी मी त्यांच्या मागे मागे चालत शाळेतल्या गोष्टी सांगायची. बाल्कनीपर्यंत गोष्ट अर्धी व्हायची, तोवर ते दुसऱ्या खोलीत. मग मी सांगायचं सोडलं."

खोलीतल्या इतरांना एक अक्षर कळत नव्हतं आणि ते सगळे कौतुकाने बघत होते. मी चहाच्या कपात तोंड घातलं, कारण मला रडू येत होतं आणि साहेबाच्या घरी कारकुनाने रडणं बरं दिसत नाही. साडू खुर्चीत पुढे सरकले. मला वाटलं, उठले. पण ते उठले नाहीत. "एखादी अर्धी राहिलेली सांगता का," ते म्हणाले. तिने मडमकडे पाहिलं. मडमने हसून मान हलवली. मग तिने एका मुलीची गोष्ट सांगितली, जी शाळेच्या स्पर्धेत सगळ्यांत पुढे असताना मागे पडलेल्या मैत्रिणीसाठी थांबली आणि हरली, आणि घरी येऊन हे सांगेपर्यंत वडील पुढच्या बोटीवर निघून गेले. साडूंनी ती शेवटपर्यंत ऐकली. पुढच्या पाहुण्यांची घंटा झाली तेव्हा आम्हाला उठवावं लागलं.

तिला एवढं मराठी कुठून आलं, हे घरी आल्यावर कळलं. आया मुंबई इलाख्यातली आहे असं सईनेच ठरवलं होतं आणि ती काय कशी बोलेल हे फोनवर रोज माझ्या बायकोकडून शिकून घेत होती. बायकोने ते माझ्यापासून लपवलं, कारण मला कळलं की साडूंना कळतं. असो. त्यानंतर दर शनिवारी साडू पगडी घालून साहेबाकडे चहाला जाऊ लागले. मी आपला कधीमधी. तिथली माणसं त्यांना रावसाहेब म्हणून ओळखू लागली, आणि नवखे लोक त्यांनाही नोकरीतलाच एक समजून त्यांच्याबरोबर फोटो काढून घेऊ लागले. गंमत म्हणजे या फोटोंत साडू हललेले नाहीत. बाहेर मात्र सगळं पूर्वीसारखंच. फोन केला की वाजत राही. शनिवारी दुपारी जी मांडी घालून शाळेतल्या बाईंचं, हरवलेल्या पेन्सिलबॉक्सचं, पहिल्या नोकरीत रोज बाथरूममध्ये जाऊन कसं रडायची त्याचं सगळं सांगायची, तीच सोमवारी "बिझी" लिहायची. याचं साडूंना वाईट वाटत नसे. जेव्हा बोलायचं तेव्हा बोलते ना, म्हणत.

पण ते घर काही कायमचं नव्हतं. सरकारने बंगला ठरावीक मुदतीसाठी दिला होता, ती संपली. शेवटच्या शनिवारी आम्ही दोघंही गेलो. खेळ असा होता, की साहेबाची बदली झाली, सगळं कुटुंब विलायतेला निघालं आणि बाळाबरोबर आयाही चालली. सामानाच्या पेट्या बांधून दाराशी ठेवल्या होत्या. आया सगळ्यांचा निरोप घेत साडूंपाशी आली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, की रावसाहेब, आता भेट कधी ते सांगता येत नाही. साडू म्हणाले, "बाई, तुम्ही गेल्यावर माझ्याशी कोण बोलणार?" हे ते खेळात म्हणाले की खरंच, मला कळलं नाही, तिलाही कळलं नसावं. ती थांबली. मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिने तो काळ सोडला. आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, डोन्ट बी लाइक दॅट लाह. संडेला मी घरी येते. लंचला. ओके?" साडूंनी जोरजोरात मान हलवली, इतकी की पगडी पडली.

सई आता एका शाळेत मुलांना नाटक शिकवते आणि दर रविवारी घरी येते. येते, बूट काढते, सोफ्यावर पाय पसरते. आल्या आल्या एसी वाढवते, साडू तो कमी करतात, त्यावरून भांडण होतं आणि ताई दोघांना जेवायला बोलावतात. आम्हीही बरेचदा असतो. छान चाललंय. साडू टेबलाशी बसतात. तिच्या समोरच्याच खुर्चीवर, लवकर येऊन. कशी आहे शाळा, विचारतात. "ओके लाह, सेम सेम," ती ताटाच्या कडेला ठेवलेल्या फोनवर बोट फिरवत म्हणते. वाईट हेतूने नव्हे. बापाशी सगळ्याच मुली असं बोलतात, आमची मुलगी मोठी झाली की तीही तसंच बोलेल. साडू थोडा वेळ वाट बघतात, मग आमटी वाढून घेतात.

गेल्या रविवारी मला लिफ्टपर्यंत सोडायला ते बाहेर आले. आतून सईच्या हसण्याचा आवाज येत होता, आईला फोनवर काहीतरी दाखवत होती. मी म्हटलं, साडू, लेक घरी आली, जिंकलात. "आली ना," ते म्हणाले, "देवाची कृपा. मी रोज आभार मानतो." मग लिफ्टच्या दाराकडे बघत, मला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाले, "पण साडू, ती बाई गेली हो. फार चांगली बाई होती. तिचं अजून पुष्कळ सांगायचं राहिलं होतं." लिफ्ट आली, दार उघडलं आणि मिटलं. आम्ही दोघं तिथेच उभे होतो.